पुराणातील वांगी आणि पथ्यपत्रकातील वांगी

पुराणिकबुवांची गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. देवळात वांग्याच्या निषेधावर रसाळ निरूपण करून बुवा घरी आले. ते निरूपण ऐकून पुढे आलेल्या पत्नीने घरातील वांगी टाकून दिली होती. ताटात भाजी नाही हे पाहून बुवा उद्गारले, 'अगं, पुराणातील वांगी पुराणात!' या म्हणीतील मूळ शब्द 'वानगी' असावा, असे भाषेचे जाणकार सांगतात. परंतु लोकांनी वानगीचे वांगे केले आणि म्हण टिकली ती वांग्यामुळेच. आम्हा वैद्यांच्या चिकित्सालयात या म्हणीने आणखी एक रूप धारण केले आहे, ते म्हणजे 'पथ्यपत्रकातील वांगी पथ्यपत्रकात.' रुग्णास वांगे वर्ज्य म्हणून सांगावे आणि दुपारी घरी जाऊन भरिताचा आस्वाद घ्यावा, हा प्रकार आपल्यापैकी किती जणांच्या हातून घडतो, याचा ज्याने त्याने विचार करावा. माझ्या हातून तो अनेक वर्षे घडला आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

एक प्रश्न आणि माझी निरुत्तरता

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी मी वीस वर्षांपासून व्यवसाय करीत आहे. पन्नाशी ओलांडलेल्या एक शेतकरी बाई माझ्याकडे औषधासाठी येत असत. सकाळी सांधे आखडणे, अंगास जडपणा, भूक मंद आणि वजन वाढते, अशी त्यांची लक्षणे होती. पहिल्याच भेटीत मी त्यांच्या हाती छापील पथ्यापथ्य पत्रक दिले. हे पत्रक एका औषधनिर्मात्याकडून गठ्ठ्याने मिळत असे. पुढच्या बाजूस वर्ज्य पदार्थांची यादी आणि मागील बाजूस जाहिरात, असे त्याचे स्वरूप होते. यादीत वांग्याचा क्रमांक पहिला होता. संधिशूल असो, त्वचारोग असो वा अम्लपित्त असो, पत्रक एकच आणि वांगे सर्वांनाच वर्ज्य!

बाईंनी ते पथ्य निष्ठेने पाळले. हिवाळ्यात आमच्याकडे शेतोशेती भरिताच्या पंगती झडतात. बाई स्वतःच्या शेतात पन्नास माणसांचे भरीत रांधीत आणि स्वतः मात्र ठेचा-भाकरी खाऊन उठत. तिसऱ्या हिवाळ्यात त्या तपासणीस आल्या असता सहज म्हणाल्या, 'डॉक्टरसाहेब, वांगं कशासाठी बंद केलं तेवढं सांगा. तीन हिवाळे झाले.'

मी उत्तर देण्यास तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की, मजपाशी उत्तर नाही. 'वातूळ असतं' असे म्हणावे, तर ग्रंथात तसे वाचल्याचे स्मरेना. 'पाहून सांगतो, मावशी,' असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या हसून म्हणाल्या, 'पाहायचं कुठे? लिहून तर तुम्हीच दिलं!'

त्याच भेटीत मी त्यांच्या दिवसभराच्या आहाराची प्रथमच सविस्तर चौकशी केली. सकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी वाटीभर शेव. यांतील एकही पदार्थ त्या पत्रकात नव्हता. म्हणजे ज्या अन्नाने आम वाढावा, ते मी मोकळे सोडले होते. आणि ज्या भाजीविषयी शास्त्राचे मत बरेचसे अनुकूल आहे, ती मात्र तीन वर्षे हिरावून घेतली होती.

ग्रंथोक्त विचार

त्या रात्री ग्रंथ काढून बसलो. अष्टांगहृदयाच्या अन्नस्वरूपविज्ञानीय अध्यायात वाग्भटाचार्यांनी वार्ताक हे कटू, तिक्त, मधुर, उष्ण, कफवातघ्न, अग्नी वाढविणारे, हृद्य व रुचकर सांगितले असून ते पित्त वाढवीत नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. सुश्रुताचार्यांच्या मते ते कफवातहर, लघू, दीपन व रोचन आहे. मात्र जून झालेले वांगे क्षारयुक्त व पित्तकर होय. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याची गणना कफपित्तहर अशा तिक्त शाकांच्या मालिकेत केली आहे. वीर्याविषयी या ग्रंथांत एकवाक्यता नाही हे मान्य केले, तरी वांगे वातकर आहे असे यांपैकी एकही ग्रंथ म्हणत नाही.

सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी तर हा विषय जणू आपल्या पथ्यपत्रकासाठीच लिहून ठेवला आहे. भावप्रकाश निघंटूच्या शाकवर्गात ते वांग्याच्या अवस्था निरनिराळ्या करून सांगतात. कोवळे वांगे कफपित्तघ्न आहे, तर जून वांगे पित्तकर आहे. निखाऱ्यावर भाजलेले वांगे किंचित पित्तकर, परंतु कफ, मेद, वात व आम यांचे नाशक, अत्यंत लघू आणि दीपन आहे. आणि हेच भाजलेले वांगे तेल व मीठ घालून सिद्ध केले की गुरू व स्निग्ध होते. कोंबडीच्या अंड्याएवढे पांढरे वांगे गुणांनी उणे, परंतु अर्शामध्ये विशेष हितकर, असेही ते नोंदवितात.

एकच फळ, आणि त्याचे लघू व गुरू असे दोन्ही परिणाम! माझ्या रुग्णेस कफ, मेद आणि आम या तिहींचा उपद्रव होता. तिच्यासाठी भाजलेले वांगे अपथ्य नव्हतेच. उलट, पथ्यात ज्याची योजना करावी असे ते द्रव्य होते.

'करण' विसरलेले पथ्य

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचे हिताहित ठरविणारी आठ आयतने सांगितली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही ती आठ. पदवी परीक्षेत ही नावे आपण सर्वांनी पाठ करून लिहिली. व्यवसायात मात्र आपण केवळ पहिल्या आयतनापाशी, म्हणजे द्रव्याच्या नावापाशी थांबतो. करण म्हणजे संस्कार, आणि संस्काराने द्रव्यात निराळ्या गुणांचे आधान होते, हे सूत्र आपण भस्मांच्या बाबतीत कटाक्षाने पाळतो. अशुद्ध वत्सनाभ आणि शुद्ध वत्सनाभ यांस एक मानणारा औषधनिर्माता आपल्यात शोधूनही सापडणार नाही. मग निखाऱ्यावरचे वांगे आणि तेलाच्या तर्रीत बुडालेले वांगे यांस एक मानणारे पत्रक आपण कसे छापतो?

भावमिश्रांचे म्हणणे आजच्या मोजमापातही पडताळता येते. शंभर ग्रॅम कच्च्या वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, सुमारे ३ ग्रॅम तंतू आणि अवघ्या २५ किलोकॅलरी असतात. पाव किलोचे वांगे भाजून खाल्ले तर सुमारे ६० किलोकॅलरी पोटात जातात. त्यावर एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल घातले की आणखी १२० किलोकॅलरींची भर पडते. एका चमच्याने मूळ भाजीच्या दुप्पट! वांग्याचा गर स्पंजासारखा सच्छिद्र असल्यामुळे कढईतील तेल तो शोषून घेतो. काप आणि भजी यांचे गुरुत्व येथून येते. वांग्याच्या माथी त्याचा दोष मारणे न्याय्य नव्हे.

वांगे निवडावे कसे, रांधावे कसे

'वांगे चालेल' एवढे सांगून वैद्याचे काम संपत नाही. रुग्ण विचारो वा न विचारो, पुढील गोष्टी सांगणे आवश्यक आहे.

निवड प्रथम. साल तुकतुकीत, देठ हिरवा व ताजा, बोटाने दाबले असता गर पुन्हा वर येणारा, आणि आकाराच्या मानाने हलके असे वांगे घ्यावे. निस्तेज सालीचे, पिवळट पडलेले, आतून टणक व करड्या बियांचे वांगे म्हणजेच सुश्रुतांचे जीर्ण वार्ताक. ते बाजूस काढावे. फळ पोखरणाऱ्या अळीमुळे या पिकावर कीटकनाशकांची फवारणी फार होते. म्हणून वांगी वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत आणि चिरून आतून पाहिल्यावाचून भाजीस घेऊ नयेत. भरितासाठी अखंड वांगे घेताना टोचा नीट पाहावा व भाजल्यावर उघडून तपासावे.

कफ, मेद व आम यांचे प्राबल्य असता भरीत द्यावे. आमच्या जळगाव जिल्ह्यात भरताची पोपटी-पांढरट मोठी वांगी कपाशीच्या वा तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. जळगावच्या भरीत वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे. शहरातील रुग्णाने गॅसच्या मंद ज्योतीवर, फिरवीत फिरवीत, देठापर्यंत मऊ होईतो भाजावे. तत्पूर्वी वांग्यास दोन-चार ठिकाणी टोचे मारावेत, अन्यथा ते फुटते. करपलेली साल पूर्णपणे काढावी. गर ठेचून त्यात सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, किसलेले आले व कोथिंबीर घालावी. लसूण व कांद्याची पात प्रकृती पाहून घालावी. शेंगदाणे आणि वरून तेलाची फोडणी ही पंगतीची रीत आहे. रुग्णाच्या ताटात ती नको. सोबत ज्वारीची भाकरी असावी. खानदेशात भरिताबरोबर कळण्याची भाकरी हवी असते. पण तीत उडीद असल्याने मंदाग्नी असलेल्यास ती देऊ नये.

गरम भरितात दही कालविण्याची रीत अनेक घरांत आहे. दही अभिष्यंदी आहे; ते उष्ण करून व रात्री सेवन करू नये, हा दंडक सर्वपरिचित आहे. ज्याच्यासाठी आपण भरीत सुचवितो, त्यासच दही अहितकर असते. त्याने जेवणानंतर ताजे, लोणी काढलेले ताक जिरेपूड घालून घ्यावे.

वातप्रधान, कृश व श्रमाची कामे करणाऱ्या व्यक्तीस भरली वांगी देण्यास हरकत नाही. लहान, कोवळी, काटेरी देठाची वांगी, त्यांत तीळ, खोबरे, दाण्याचे कूट, गूळ व गोडा मसाला, असा हा संस्कार गुरू, स्निग्ध व बल्य आहे. त्याचा काळ मध्यान्हीचा आणि ऋतू हिवाळ्याचा. जे सकाळपासून नांगर धरतात त्यांस ते पचते. जे सकाळपासून गल्ल्यावर बसतात त्यांस पचत नाही. येथे आठवे आयतन, म्हणजे उपयोक्ता, निर्णायक ठरतो.

जीर्णज्वरातून उठलेल्या, तोंडास चव नसलेल्या रुग्णास कोवळ्या वांग्याच्या फोडी मुगाच्या डाळीबरोबर शिजवून द्याव्यात. चिरल्याबरोबर फोडी मिठाच्या पाण्यात टाकल्यास काळ्या पडत नाहीत व उग्रपणाही कमी होतो. ते पाणी टाकून द्यावे. अर्धा चमचा तुपात जिरे व सुंठ यांची फोडणी पुरते.

काल आणि लोकाचार

'मग चातुर्मासात वांगे वर्ज्य का?' असा प्रश्न रुग्ण विचारतातच. आषाढी एकादशीपासून अनेक घरांत वांगे बंद होते. वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो, पित्ताचा संचय होतो आणि शरद ऋतूत त्याचा प्रकोप होतो. या काळात उष्ण द्रव्य टाळण्यात ऋतुचर्येचे तत्त्व दिसते. पावसाळी वांग्यात किडीचा उपद्रवही अधिक असतो. पुढे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, चंपाषष्ठीला, खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि वांगे पुन्हा ताटात येते. तो हेमंत ऋतू, अग्नी बलवान असण्याचा काळ. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत वांगे असतेच आणि सोबत बाजरीची भाकरी.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लोकाचाराने वांगे बंद केले, पण ते पुन्हा कधी सुरू करावयाचे तो दिवसही नेमून दिला. आपल्या पत्रकात बंदीचा दिवस आहे. सुटकेचा दिवस कोठेच नाही. या बाबतीत आपल्या आज्या आपल्याहून अधिक शास्त्रशुद्ध होत्या, असे म्हणणे भाग आहे.

कोणास देऊ नये

वांग्याची वकिली करावी, हा या लेखाचा हेतू नव्हे. वांगे खाताच ज्यांच्या जिभेस वा ओठांस खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, त्यांस ते कोणत्याही संस्काराने देऊ नये. हा असात्म्याचा विषय आहे. रक्तपित्त, वाढलेले अम्लपित्त, शीतपित्त आणि दाहयुक्त त्वचाविकार यांत, विशेषतः शरद ऋतूत, ते टाळावे. अर्शाच्या रुग्णास जून व मसालेदार वांगे देऊ नये. भावमिश्रांचा अर्शासंबंधीचा निर्देश पांढऱ्या वांग्यापुरता आहे, हे विसरू नये. या ठिकाणी नकार द्यावा, पण तो कारणासह द्यावा.

दुसऱ्या टोकाचाही मोह आहे आणि औषधविक्रेत्यांनी त्याविषयी सावध असावे. जांभळ्या सालीतील नासुनिन व गरातील क्लोरोजेनिक आम्ल यांचे गुण प्रयोगशाळेत दिसतात. परंतु त्यावरून वांग्याच्या अर्काने मधुमेह वा कोलेस्टेरॉल बरे होते, असे म्हणता येत नाही. ब्राझीलमध्ये कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून वांग्याचा रस व कॅप्सूल घेण्याची प्रथा पडली. तेथेच २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातील मेदाच्या प्रमाणावर वांग्याच्या अर्काचा परिणाम आढळला नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करणे तर १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय अधिनियमान्वये गुन्हा आहे. वांगे ही भाजी आहे. तिला भाजीच राहू द्यावे. तिचे हित ताटात आहे, बाटलीत नाही.

आक्षेप आणि विनंती

काही वैद्यबंधू म्हणतील, 'दिवसाला पन्नास रुग्ण असता प्रत्येकास भरिताची कृती सांगत बसावे काय?' हा आक्षेप खरा आहे, मलाही तो लागू आहे. परंतु सरसकट बंदीने वेळ वाचतो हा भ्रम आहे. ज्या पथ्याचे कारण सांगितले जात नाही, ते रुग्ण दोन महिन्यांत सोडतो आणि सोडल्याचे आपल्यापासून लपवितो. मग औषध लागू पडत नाही म्हणून आपण मात्रा वाढवितो. आणि जो निष्ठेने पाळतो, त्याचे आपण अकारण नुकसान करतो. वीस पदार्थांच्या यादीत जे दोन खरोखर घातक आहेत, त्यांचे गांभीर्य उरलेल्या अठरांमुळे हरवते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, सर्व रोगांस एकच पत्रक देणे आपण थांबवावे. दुसरी, जो पदार्थ वर्ज्य लिहू, त्यापुढे कारण आणि मुदत यांसाठी जागा असावी. ती भरता आली नाही तर तो पदार्थ खोडावा. तिसरी सूचना औषधनिर्माते व विक्रेते यांस आहे. आपण पत्रके छापून देता ही सेवाच आहे. पुढील छपाईच्या वेळी पदार्थांच्या नावांऐवजी 'कोणत्या प्रकारे, कोणत्या वेळी, किती' असे तीन रकाने कोरे ठेवावेत आणि ते भरण्याचे काम वैद्यावर सोपवावे.

त्या बाईंचे पुढे काय झाले, हे सुज्ञ वाचक विचारतीलच. पुढच्या भेटीत मी त्यांस सांगितले, 'मावशी, वांगं बंद करण्यात माझी चूक झाली. भाजलेलं, बिनतेलाचं, दुपारी खा. बंद करायचं ते टोस्ट, खारी आणि शेव.' वांग्याने त्यांचा विकार बरा झाला, असे मी म्हणणार नाही. औषध, लंघन आणि चालणे हे सर्व सोबत होतेच. परंतु टोस्ट व शेव त्यांनी खरोखर सोडली आणि काही महिन्यांत अंगाचा जडपणा उतरला. ते का सोडले, असे विचारता त्या म्हणाल्या, 'या वेळी तुम्ही कारण सांगितलं.'

माझ्या टेबलावरचा जुन्या पत्रकांचा गठ्ठा त्यानंतर मी रद्दीत दिला. दुपारी मी भरीत खातो आणि रुग्ण समोर बसला असता तसे सांगण्याचा आता संकोच वाटत नाही. पुराणिकबुवांस ही सोय नव्हती, आपणांस आहे.